मावशीचं जांभळं फूल

तळ्याकाठच्या दलदलीत उगवणाऱ्या जांभळ्या फुलांचा काढा मावशी जुनाट खोकल्यावर द्यायची, आणि त्यांचाच लेप सुजेवर लावायची. भाच्याने कौतुकाने तिचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. "तिथेच अगदी तसंच दिसणारं एक विषारी फूलही उगवतं, त्याचा देठ ठिपकेदार असतो," हे तिचं शेवटचं बोलणं मात्र व्हिडिओ फार लांबतोय म्हणून त्याने कापून टाकलं.

रविवारी तळ्याकाठी गाड्यांची रांग लागली. मावशी धापा टाकत पोचली, तेव्हा लोक चिखलात उतरून दिसेल ते जांभळं फूल पिशवीत कोंबत होते. एका बाईच्या पिशवीतले तर सगळेच देठ ठिपकेदार होते.

"अहो, टाका ती फुलं! विष आहे ते. पोटात गेलं तर जीव जाईल!"

"म्हणजे आम्ही टाकून गेलो की तुम्हाला आयतीच मिळतील, होय ना?" बाई हसली. "माझी मुलगी महिनाभर खोकतेय. त्या मावशींचा व्हिडिओ बघून आलोय आम्ही, उगाच नाही."

"अगं बाई, मीच ती मावशी!"

बाईने मोबाइल काढला. एकदा त्यात पाहिलं, एकदा मावशीच्या सुरकुतलेल्या, घामाने डबडबलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.


"काहीतरीच काय, आजी!" भाच्याने व्हिडिओत गोरीपान आणि तरुण करून ठेवलेल्या मावशीकडे बोट दाखवत ती म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारून लगबगीने गाडीकडे निघाली.