धाप लागलेली प्रार्थना

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घुग्घुसचा खाणकामगार दानियेल गेला, तेव्हा कबरीपाशी त्याची बायको एस्तेर आणि शववाहिकेचा ड्रायव्हर मुश्ताक एवढे दोघेच उभे होते. चर्चच्या मंडळीतली निम्मी घरं तापाने फणफणली होती. पास्टर स्वतः चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. तरी त्यांनी हट्टाने फोनवरून प्रार्थना सुरू केली. मुश्ताकने मोबाईल स्पीकरवर टाकून मातीच्या ढिगाऱ्याजवळ धरला. एस्तेर कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. नवरा आजारी पडल्यापासून तिने गुडघे टेकून देवाला विनवलं होतं, आणि काल त्याने श्वास सोडल्यावर देवाशी बोलणंच टाकलं होतं. मधेच पास्टरांना धाप लागली. नुसती घरघर ऐकू येऊ लागली. "बाई, फोन बंद करू का?" मुश्ताकने विचारलं. एस्तेरने मोबाईल ओढून घेतला. "पास्टर, तुमी आता बोलू नका. नुसते आयका." मग तिच्या तोंडून निघालं, "देवबापा, मायावाला तुनं नेला. या पास्टरायले तरी ठेव. यायच्या छातीत हवा भर." पलीकडची घरघर हळूहळू निवली आणि "आमेन" असा बारीक आवाज आला. मग मुश्ताकने फावडं उचललं. पास्टर बरे होऊन परतले. एस्तेर मात्र कितीतरी रविवार चर्चला फिरकली नाही. पास्टर तिच्या घरी आले, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यासाठी मांगतलं तं देवानं देलं. त्याच तोंडानं दानियेलसाठीबी मांगतलं होतं नं, पास्टर?" पास्टर तिच्या उंबऱ्यावर बसले आणि तिच्यासोबत रडले.