डाव्या विंगेतली खुर्ची

रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिळे ठोकून बंद केलेली खिडकी.

नुकताच रंगवलेला मागचा पडदा. अजून ओला.

डाव्या विंगेत खुर्ची, तिच्यावर चपटी झालेली उशी.

संहितेच्या एकेचाळिसाव्या पानावर पेन्सिलीने: इथे मुली घाबरतात.

दिग्दर्शकाचं लाडकं वाक्य: "या नाटकात चेटकीण नाहीच. भीती आहे, आणि भीतीवर पोळी भाजून घेणारे आहेत."

दोन महिने पाच मुली तालमीत डाव्या विंगेकडे बोट दाखवून ओरडत होत्या, "ती! ती बघा!" जुन्या नाटकातलं जुनं वाक्य. विंगेत चेटकीण नसतेच, असतात प्रॉम्प्टरकाकू. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत, मांडीवर संहिता. "रोज पाच बोटं झेलते," त्या हसून म्हणायच्या, "घरात कोणी एक उचलून दाखवावं!"

मंगळवारी एकेचाळिसावं पान यायच्या आधीच धाकटी धाडकन कोसळली. दुसरी डोकं धरून खाली बसली. गरगरतंय, म्हणाली. मग तिसरीने डाव्या विंगेकडे बोट केलं.

"ती! ती बघा!"

आवाज तालमीतला नव्हता.

आणि काकूंनी, सवयीने, पुढचं वाक्य हळूच पुरवलं, "तिने माझ्याकडे पाहिलं आणि..."

"ऐकलंत?" तिसरी किंचाळली. "पुटपुटतायत त्या! रोज पुटपुटतात!"

"अगं बाई, तुझंच वाक्य आहे ते." काकू उठल्या. मुली मागे सरकल्या.

दिग्दर्शक पहिल्या रांगेत उभा होता. "हाच आवाज," तो म्हणाला. "प्रयोगात मला हाच हवाय."

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुढे केलेला पाण्याचा ग्लास कोणी घेतला नाही. पेपरात चौकट आली: शापित नाटक? तालमीत मुली बेशुद्ध. शुक्रवारी तिकीटखिडकीवर हाउसफुल्लचा बोर्ड लागला. त्याच बोर्डाखाली काकूंनी दिग्दर्शकाला गाठलं.

"तुम्ही एकदा सांगा ना पोरींना. तुमचं ऐकतील. मला दुसरं काही येत नाही हो."

"सांगितलं तर घाबरतील कशा, काकू?" तो बोर्डाकडे बघत होता. "थोडे दिवस घरी बसा. तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय."

काकूंनी संहिता त्याच्या हातात दिली. उशी काखेत मारली आणि गेल्या.

पहिल्या प्रयोगात पाच बोटं डाव्या विंगेकडे वळली. "ती! ती बघा!" प्रेक्षागृह शहारलं. पुढचं वाक्य तिसरीचं होतं. ते तिला आठवेना. बाकीच्यांनाही आठवेना. बोटं तशीच रोखून पाचही जणी रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन उभ्या राहिल्या.

त्या मंगळवारी, मुली घरी गेल्यावर, दिग्दर्शकाने मागच्या पडद्याआड उघडा राहिलेला, रंगाच्या उग्र टर्पेंटाइनचा डबा झाकण लावून बाहेर नेऊन ठेवला होता.