मालकाच्या नावचं रक्त

डॉक्टरबाई "चहा नको" म्हणाल्या, तसा शिवलिंगप्पानं कप बाजूला सारला. नांदेडहून एवढ्या उन्हाची आलेली बाई चहा टाळते, म्हणजे बातमी कडूच असणार.

आतल्या खोलीत संगप्पा पडून होता. एकुलता एक लेक. ऐन पस्तिशीत त्याच्या काळजानं दगा दिला होता.

"तुमचा नवा जिल्हा झाला, की आमच्या सगळ्या रक्ताच्या बाटल्यांवरचे पत्ते बदलावे लागतील," बाई हसून म्हणाल्या.

शिवलिंगप्पाला हसू फुटेना. बाटल्यांचं नाव निघालं, की त्याची मान खाली जायची.

हृदयाचा आजार आणि शुगर घराण्यात कशी उतरते, हे शोधायला बाईंची मंडळी अहमदपूर भागात कैक वर्षांपासून येत होती. बापाचं, आईचं, लेकराचं रक्त घेऊन गोठवून ठेवायची. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी शिवलिंगप्पानं धाब्यावर चोरून मटण हाणलं होतं. जातीचा लिंगायत, गळ्यात लिंग, मठात मान, आणि रक्तात मटण! सुई टोचली की सगळं दिसणार, अशी त्याची खात्री. म्हणून त्यानं सालगडी सटवाजीला आपल्या नावानं धाडलं.

"मालक, माझ्या रक्तात काय ठिवलंय?"

"तू माळकरी. तुझं साफ असतंय. जा गुमान."

सटवाजी खाली मान घालून गेला. दर खेपेला तोच जात राहिला. मागच्या दुष्काळात विहिरीचा गाळ काढताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. ऊन लागलं, म्हणाले लोक.

आता त्याच रक्तावरून संगप्पाचं औषध ठरणार होतं. आपल्या लाजेपायी पोरगं जायचं. आज सांगायचंच, असं शिवलिंगप्पानं ठरवलं होतं. सकाळी बायको कमलम्मा मात्र करवादली होती, "जुनं रक्त कशाला उकरायलेत हे लोक? पोरगं बरं व्हायलंय की!"

"बाई, ते रक्त..." शिवलिंगप्पा कसाबसा बोलला.

"तेच सांगते. तुमच्या रक्तात जन्मजात दोष आहे, चरबी साचवणारा. तुम्हाला तो भोवला नाही, संगप्पाला भोवला. पण नेमका दोष सापडला म्हणून नेमकी गोळीही मिळाली. पोरगा जगतो तुमचा."

दाराआड कमलम्माच्या बांगड्या वाजल्या.

"बाई, बाटल्यांची अदलाबदल तर झाली नसंल?" शिवलिंगप्पा पुढं सरकला. " दुसऱ्याच कुणाचं..."

"छे हो! आम्ही आधी नातं जुळवून बघतो, मगच पुढं जातो. तुमच्या नावच्या बाटलीतलं रक्त संगप्पाच्या बापाचंच आहे."