हिरव्या झिलईचा कप

रघुवीर मास्तरांनी कप नाकाशी नेला, हुंगला आणि शी म्हणून अंगणात भिरकावला.

"शिरली! चाय आत शिरली. चार येळा घासलंय, तरी वास येता."

खालच्या पायरीवर बसलेल्या गणपतने तुकडे गोळा केले. त्याच्या दुसऱ्या हातात नारळाची करवंटी होती आणि तिच्यात चहा होता. अस्पृश्य म्हणून मिठबावने गावाच्या खालच्या टोकाला ठेवलेल्या वाडीतला तो. त्या वाडीतल्या माणसाला वरच्या घरांत चहा करवंटीतच मिळायचा, तोही हातभर उंचीवरून ओतलेला. साल सत्तावन्न होतं. याविरुद्धचा कायदा होऊन दोन वर्षं उलटली होती, पण कायद्याला मिठबावची वाट काही सापडली नव्हती.

मास्तर मात्र वेगळे समजले जायचे. पंधरा ऑगस्टला शाळेत समतेवर बोलताना त्यांचा गळा दाटून यायचा. ड्रॉइंग मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांना मातीचं वेड लागलं. मुंबईहून पुस्तक मागवून त्यांनी घरामागच्या परड्यात भट्टी घातली आणि फुटक्या बाटल्यांची काच, टाकणखार, शिंपल्यांचा चुना असलं काय काय कुटून झिलई बनवायला घेतली. साध्या मातीचा असा कप त्यांना करायचा होता, ज्यात काही म्हणजे काही मुरणार नाही.

"गणपत, हो कप जमलो काय तुझी करवंटी बंद," ते म्हणायचे. "माझ्या हातचो कप तुझ्या हातात देतलंय."

गणपतला तेवढंच हवं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात त्याच्या मुलीने, तुळसाने, त्याला तसं पिताना पाहिलं. घरी जाऊन तिने होत्या नव्हत्या तेवढ्या करवंट्या चुलीत घातल्या. तेव्हापासून गणपत मास्तरांसाठी आपल्या मळ्यातली माती उकरून आणत होता, लाकडं फोडत होता, काच दळत होता.

माती मात्र दगा द्यायची. कप वाळताना तडकायचे, आणि तिथून वाचलेच तर भट्टीत. त्या पावसाळ्यानंतर गणपत सुकी ढेकळं न आणता काळाभोर, लिबलिबीत गोळा घेऊन आला. वास असा, की मास्तरांनी धोतराचा सोगा नाकाला लावला.

"मेल्या, ह्यां काय हाडलंस?"

"तीच माती, मास्तरानू. खड्ड्यात सा म्हयने भिजत घातलेली."

दारात आलेल्या रुक्मिणीबाईंना तिथल्या तिथे ओकारी आली. "आधी तां भायर न्येवा! घरात माणसा जेवतत!" त्या नवऱ्यावर ओरडल्या.

पण नाक मुठीत धरून चाकावर घातलेली ती माती लोण्यासारखी वर चढली. एकही कप तडकला नाही. मास्तरांनी याचं श्रेय आपल्या शिंपल्यांच्या चुन्याला दिलं आणि आठवडाभर सगळ्या गावाला ते ऐकवलं.

मग राहिली झिलई. मोरचुदाने ती हिरवी आणि काचेसारखी गुळगुळीत उतरली. मास्तरांनी तिची जी परीक्षा घेतली ती सांगतानाही मळमळतं. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखटजाळ कालवण, कपात भरून त्यांनी तीन दिवस उन्हात ठेवलं. वर बुरशीची साय धरली, माशा घोंगावल्या, मांजरसुद्धा जवळ फिरकेना. चौथ्या दिवशी ते ओतून देऊन मास्तरांनी वरून फक्त तांब्याभर पाणी सोडलं, कप हुंगला आणि चक्क जिभेने चाटला.

"कायेक शिरलां नाय!" ते लहान मुलासारखे नाचले.

सहा कप झाले. एकातून देवाला दुधाचा नैवेद्य गेला. एकात भटजी चहा प्याले. एक मास्तरांनी स्वतःला ठेवला आणि आठ दिवस दुसऱ्या भांड्यातल्या चहाला तोंड लावलं नाही. नवव्या दिवशी गणपतला निरोप गेला.

गणपत धुतलेला सदरा घालून आला. कशाला चाललोय ते तुळसाला सांगून आला होता. मास्तरांनी खरोखरच भरलेला कप त्याच्या हातात दिला आणि आपला घेऊन ते पडवीत बसले. गणपतने दोन्ही हातांत कप धरून अगदी सावकाश चहा संपवला. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवले नाहीत.

"झाली पिऊन?" मास्तर म्हणाले. "मगे थंय ठेव. गोठ्याच्या भिंतीत कोनाडो केलंय. हो तुझोच कप, दुसरो कोण घेवचो नाय."

गणपतला कळेना.

"अरे, ह्येच्यात काय शिरणा नाय, म्हणान तर येवढी मेहनत! लांबसून तांब्याभर पाणी ओतलां काय तुझो इटाळ खलास. हात सुदीक लावूक नको."

रुक्मिणीबाई तांब्या घेऊन मागे उभ्याच होत्या. सडलेला बांगडा आणि दोन वर्षं राबलेला माणूस, दोघांची परीक्षा मास्तरांनी एकाच झिलईवर घेतली होती. किळस यायची ती अशा माणसांची यावी.

गणपतने रिकामा कप पालथा करून त्याचा तळ न्याहाळला. मग शांतपणे विचारलं, "मास्तरानू, भायरचां आत शिरणा नाय. पण आतलां तरी भायर येता?"

"थेंबभर नाय!" मास्तर अभिमानाने म्हणाले आणि आपल्या कपातला मोठा घोट घेतला.

"मगे तां धुवान जावचां नाय," गणपत म्हणाला. "माती तडकता म्हणान माझ्या बायलेन ती सा म्हयने आमच्या थाळ्यांतल्या उष्ट्या पेजेत भिजत घातल्यान होती. सगळ्या सा कपांची."