फिडलर बेटाच्या मागून

व्हर्ननने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि उन्हाळ्याचा कार्यक्रम जाहीर केला. बाहेर उपसागरावर अजून बर्फ होता. पण एप्रिलच्या पहिल्या रविवारी सफर ठरलीच पाहिजे, हा त्याचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. तो बोलायचा आणि त्याची बायको ग्वेन बटर टार्ट गरम करता करता ऐकायची.

“जुलैच्या पहिल्या सोमवारी निघायचं. पहिला मुक्काम पॉइंट ओ बॅरिल, दुसरा बिंग इनलेट. मग बस्टर्ड बेटं, आणि तिथून सरळ किलार्नी.” त्याची तर्जनी बेटांच्या गर्दीतून सराईतासारखी सरकत होती. “इथं बारा फूट पाणी, इथं नऊ, इथं सहा. आपल्या यॉटला चार पुरे.”

आकडे बिनचूक होते. ग्वेनने टार्टची बशी आणून ठेवली आणि सहज नकाशाकडे पाहिलं.

“व्हर्नन, हा मिडलंडचा नकाशा आहे. दक्षिणेचा. किलार्नी यावर नाहीच.”

तर्जनी थांबली. आता हा चष्म्याला शिव्या घालणार, असं तिला वाटलं. त्याने घातल्या नाहीत.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“सप्टेंबरपासून. समोर बघितलं की मधोमध डाग. कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकलं तरी नशीब.” मग एका दमात त्याने उरलेलंही सांगून टाकलं. “यॉट विकायला काढलीय. शनिवारी एकजण बघायला येतोय. म्हटलं, निदान एकदा सफर ठरवून घेऊ.”

“मार्गारेट विकायला काढलीस?” यॉटला त्याने आईचं नाव दिलं होतं. ग्वेन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “माझी सासू परस्पर विकतोस, आणि मला विचारलंही नाहीस?”

“चालवणार कोण?”

“मी.”

“तू?”

“मोकळ्या पाण्यात तू सँडविच खायला बसलास की सुकाणू कोण धरतं?”

“मोकळ्या पाण्यात काय, कुणीही धरेल. खडकांत काय करशील?”

“खडकांत यॉटच्या पुढच्या टोकावर कोण उभं असतं रे? एकतीस वर्षं खडक मी बघितलेत. तू बघितलास तो खुणा करणारा माझा हात.”

व्हर्ननने एक टार्ट उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

ग्वेनने मिडलंड गुंडाळून बाजूला सारलं, उत्तरेचा नकाशा आणला आणि त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. वाट आखायचं काम त्याचं. ही पेन्सिल तिने कधी धरली नव्हती. तरी तिचा हात कुठे अडखळला नाही. पॉइंट ओ बॅरिलपर्यंत तिची रेघ दरवर्षीसारखीच गेली. पुढे फिडलर बेटाला बाहेरून मोठा वळसा असायचा. ग्वेनने रेघ बेटाच्या मागून आत घातली.

व्हर्नन मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. “हे काय? मागून वाट नाही. नुसते खडक आहेत.”

“दोनच आहेत, पाण्याखाली. त्यांच्यामधून यॉट आरामात जाईल, हिरवंगार खोल पाणी आहे. आणि आत एवढीशी खाडी, चारी बाजूंनी पाइन. एक चिटपाखरू नाही. आपण वळसा घ्यायला लागलो की मला दिसते.”

“कधी दिसली?”

“दरवर्षी दिसते.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

ग्वेनने रेघ किलार्नीला नेऊन टेकवली.

“इंजिनाच्या आवाजात पुढून तुला काय ऐकू जाणार? आणि हाताच्या खुणा तू ठरवलेल्या तीनच. डावीकडे, उजवीकडे, थांब.”

व्हर्ननने खिशातला फोन काढून तिच्यापुढे सरकवला.

“शनिवारच्या त्या माणसाला तूच फोन लाव, येऊ नको म्हणून सांग,” तो म्हणाला. “मला आकडे दिसत नाहीत.”