काळं बटण, पिवळं बटण

खोटं वाटेल, पण आमच्या गावात विजेलाही पक्ष असतो. दवाखान्याच्या छपरावर सौर पॅनल बसले, तेव्हापासून कोळसापक्षाचा म्हातारा तिथे श्वास घ्यायलाही तयार नव्हता. आज धाप लागून ओठ निळे पडले, तरी पठ्ठ्याने वाफेचा मास्क भिरकावलाच.

"आधी सांग, ही वीज कुणाची?"

"आजोबा, छाती तर तुमचीच आहे ना? मग ओढा श्वास!" नर्स करवादली.

"त्यांच्या उन्हावर जगण्यापेक्षा मेलेलं बरं."

नर्सने मशीन बंद केलं, कपाळावर हात मारला आणि भिंतीवरचं काळं बटण दाबलं. मशीन पुन्हा घरघरलं. "घ्या, तुमची कोळशाची."

म्हातारा भसाभसा वाफ ओढू लागला. "बघ, हिला जोर कसा आहे!"

शेजारच्या खाटेवरचे त्याचे व्याही, कट्टर ऊनपक्षाचे, ताडकन उठून बसले. "आणि माझं मशीन कशावर चाललंय?"

"पिवळ्या बटणावर, काका. झोपा."

दोघेही एकमेकांकडे पाठ करून समाधानाने श्वास घेत पडले. त्या बटणांना मागून तारच नाही. मशीन नर्स टेबलाखालचा खटका पायाने दाबून सुरू करते, आणि शिव्या तेवढ्या तोंडातल्या तोंडात देते.