मालुबाईचं लुगडं

"सहा टक्के," युवराज म्हणाला आणि त्यानं गाडी निपाणीतल्या एका हॉटेलापुढं उभी केली.

अंबुबाईंनी मांडीवरचं हिरवं लुगडं सावरलं. सकाळपासून त्यांनी ते पिशवीत घातलं नव्हतं. पहाटे नंदगडात त्यांची नणंद मालुबाई गेली होती. सवाष्ण गेली होती, आणि सवाष्णीच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. मालुबाईचे आईवडील केव्हाच गेले. भाऊ, म्हणजे अंबुबाईंचे मालक जोतिबा, तेही गेले. माहेर म्हणून उरल्या होत्या त्या एकट्या अंबुबाई.

"तुमी आल्याबिगर उचलणार न्हाय, वहिनी," मालुबाईच्या नवऱ्यानं, परशरामनं, फोनवर सांगितलं होतं. "पर दिस मावळायच्या आत या."

मायलेक निघाले होते सकाळीच. रात्रभर निपाणीजवळच्या त्यांच्या गावात लाईट नव्हती, त्यामुळं विजेवरची गाडी जेमतेम पाव भरली होती. युवराजनं फोनात नकाशा काढला. गाडी भरायच्या जागा त्यात हिरव्या ठिपक्यांनी दिसत. वर कागलला ठिपका होता, कोल्हापुरात तर नुसती दाटी. खाली निपाणीपासून खानापुरापर्यंत एकही नाही. म्हणून नंदगडला निघालेली गाडी आधी उलटी कागलकडं गेली. तिथं एक मशीन बंद. दुसऱ्यापुढं रांग. त्यांची पाळी आली आणि वीज गेली. दुपार कलेपर्यंत वाट बघून ते तसेच माघारी फिरले. निपाणीत भाड्याची गाडी बघायची, एवढंच आता हातात होतं. एस.टी.ची पायरी अंबुबाईंच्या गुडघ्यांना जमत नव्हती.

काचेबाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं. अंबुबाईंना जुनी लाल गाडी आठवली. पहिल्या बाळंतपणाला मालुबाईला आणायला त्याच गेल्या होत्या. तवंदीच्या घाटाशी इंजिन तापायचं. ड्रायव्हर कळशी घेऊन दिसेल त्या दारात जायचा. मराठी दार असो, कानडी दार असो, पाणी मिळायचं. मालुबाई खिडकीतून ओंजळ बाहेर काढायची आणि त्याच कळशीतले दोन घोट प्यायची. उशीर व्हायचा, पण पोचायचं नाही असं कधी झालं नव्हतं.

हॉटेलवाला मष्णू हात पुसत बाहेर आला.

"भाड्याची गाडी? समद्या वऱ्हाड घिऊन गेल्यात. आनि तुमाला कशाला पायजे ओ? मागं जाऊन भरा की."

"काय भरू?" युवराजनं विचारलं.

"गाडी! चार्जिंग हाय की हॉटेलाच्या मागं. वरीस झालं त्याला."

युवराजनं आपला फोन त्याच्यापुढं धरला. "ह्यात कुटं हाय दाखवा."

मष्णूनं खिशातनं स्वतःचा फोन काढला. अॅप तेच होतं. पण त्याच्या नकाशात निपाणीवर हिरवा ठिपका होता. संकेश्वरावर होता. हत्तरगीला, बेळगावात, खानापुरात. हिरव्या मण्यांची माळच खालपर्यंत उतरत गेली होती.

"राज्य कुटलं घातलंय तुमी? जे घालाल तेवड्याच राज्यातलं दावतंय ह्ये," मष्णू म्हणाला.

युवराजनं आईकडं बघितलं.

गाडी दारात आली त्या दिवशी अंबुबाईंनी तिला ओवाळलं होतं. युवराज अंगणातच उभा राहून फोनात नाव-गाव भरत होता. फोननं राज्य विचारलं. गाव कर्नाटकात, त्यामुळं त्याचं बोट कर्नाटकावर गेलं, तशा अंबुबाई तबक हातात घेऊनच कडाडल्या होत्या, "तुझ्या बापानं काठ्या उगंच खाल्ल्या व्हय रं?" जोतिबा सीमेच्या सत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात होते. तेव्हा मालुबाई पदरात भाकरी बांधून नंदगडाहून भावाला भेटायला यायची. त्या घरानं दारावरच्या पाटीवर, पाकिटावर, लग्नपत्रिकेवर दुसरं राज्य कधी लिहिलं नव्हतं. युवराज हसला होता. "बरं आई, महाराष्ट्र तर महाराष्ट्र."

आता हॉटेलामागच्या भिंतीशी त्यानं गाडी जोडली. मशीनचा दिवा लागला. फोनातलं राज्य त्यानं बदललं की नाही, हे अंबुबाईंनी बघितलं नाही. त्या लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. भिंतीची सावली गाडीवर चढली, टपावरून पलीकडं उतरली.

फोन वाजला. परशराम होता.

"वहिनी, नेली ओ तिला. लई वाट बघितली. दिस ऱ्हाईना."

अंबुबाईंनी विचारलं, "आनि लुगडं? तशीच नेली व्हय, भावजी? बिनमाहेराची?"



"न्हाय, वहिनी. बसव्वानं नेसवलं. आमच्या शेजारची, कानडी बाई. तिच्या आईनं दिलेलं इरकल लुगडं, सोताच्या अखेरीला म्हनून पेटीत जपून ठिवलेलं. तेच काडलं. म्हनली, आज मालाक्काचं माहेर मीच."